सिस्टरांचा पासवर्ड बरोबर होता

मी हॉस्पिटलच्या तळमजल्यावरचा डिरेक्टरी सर्व्हर. बोलतोय म्हणण्यापेक्षा कबूल करतोय म्हणा. दीड महिना माझ्याकडून कोणी काही वदवून घेतलं नाही, कारण माझ्यावर कोणाचा संशयच गेला नव्हता. संशय गेला तो एका भल्या बाईवर. आणि तो जात असताना मी आपला थंड हवेत गप्प बसून होतो.

आधी माझं काम सांगतो, नाहीतर माझा गुन्हा काय ते कळायचं नाही. या हॉस्पिटलात कामाला असलेल्या प्रत्येक माणसाचं नाव माझ्या वहीत आहे. त्याचा पासवर्ड आहे, आणि कोणतं दार, कोणतं कपाट उघडायची त्याला परवानगी आहे तेही आहे. वॉर्डातल्या कॉम्प्युटरवर कोणी नाव आणि पासवर्ड टाकलं की तो कॉम्प्युटर मला विचारतो, हे माणूस आपलंच का? मी वही बघतो आणि हो किंवा नाही म्हणतो. काम दोन शब्दांचं, पण दिवसातून हजारो वेळा.

विचारायला आलेल्या प्रत्येक कॉम्प्युटरचा हात मला बोलणं संपेपर्यंत धरून ठेवावा लागतो. कॉम्प्युटरवाली मंडळी याला उघडी फाइल म्हणतात. मी हातच म्हणतो, मला ते सोपं पडतं. नावांची वही उघडी धरायलाही मला हात लागतात आणि रोजची डायरी लिहायलाही एक लागतो. हे हात मला सिस्टिम देते, मोजून देते. जन्मतः मला मिळाले एक हजार चोवीस. त्या वेळी मला वाटलं, एवढे हात घेऊन करायचं काय?

मला उभं केलं दादांनी. दादा म्हणजे इथल्या कॉम्प्युटर विभागाचे कर्तेधर्ते. अख्खं हॉस्पिटल त्यांना दादाच म्हणतं, अगदी त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा. माझी खोली कॉरिडॉरच्या टोकाला, चादरी ठेवतात त्या खोलीला लागून. खोलीत खाण्यापिण्याचे पदार्थ आणू नयेत अशी पाटी आहे, आणि चहाचे कप बरोबर त्या पाटीखालच्या टेबलावर ठेवले जातात. बाहेर उकडायला लागलं की बऱ्याच जणांना माझ्या खोलीत काहीतरी काम निघतं. त्यामुळे मी जागचा न हलता सगळ्या मजल्यांची खबर ठेवून असतो.

तेव्हा हॉस्पिटल लहान होतं. मग मागची इमारत झाली, दारांना कार्डं आली, आणि औषधांची नवी कपाटं आली. या कपाटाला किल्ली नसते. नर्सने शेजारच्या कॉम्प्युटरवर लॉगिन करायचं, रुग्णाचं औषध निवडायचं, मग तेवढाच खण उघडतो. कोणी, कधी, काय घेतलं ते तिच्या नावावर लिहिलं जातं. म्हणजे आता औषधाची गोळीसुद्धा माझ्या ‘हो’शिवाय बाहेर येत नव्हती.

माणसांची एक सवय मी इथे पाहिली. आत यायची घाई सगळ्यांना असते, पण जाताना मागे वळून दार लोटायचं कोणाच्या मनात येत नाही. काम झालं की लॉगआउट करायचं असतं, म्हणजे माझा हात सुटतो. पण स्क्रीन तशीच उघडी टाकून लोक निघून जातात आणि मी त्यांचा हात धरून बसतो. ते जेवायला जातात, घरी जातात, गादीवर पडतात, आणि इथे माझा हात अडकलेलाच. पाऊण तासाने तो कॉम्प्युटर आपणहून झोपतो तेव्हा कुठे माझी सुटका होते.

एकदा यामुळेच माझे हात संपले. नवा कोणी आला तर त्याला धरायला हात नाही, म्हणून तो दाराशीच ताटकळला. दादांनी दोन दिवस डोकं खाजवून कारण शोधून काढलं, ते श्रेय मी त्यांच्याकडून काढून घेणार नाही. सिस्टिममध्ये एक फाइल असते, कोणाला किती हात द्यायचे ते तिच्यात लिहायचं. दादांनी माझ्या नावापुढे आठ हजार एकशे ब्याण्णव लिहिलं, मला स्वतः बंद केलं आणि स्वतःच पुन्हा चालू केलं. मी जागा झालो तो आठ हजार हात घेऊनच. दादांनी मशीनच्या दारावर चिठ्ठी चिकटवली, ‘लिमिट वाढवली. काम फत्ते.’ आणि चहा मागवला.

गोम इथेच होती. ती फाइल वाचली जाते ती माणूस लॉगिन करून आत आला तर. दादा आत आले, त्यांच्या पदरात आठ हजार हात पडले, आणि त्यांनी मला उठवलं म्हणून त्यांच्या पदरातले मला मिळाले. पण मशीन बंद पडून आपलं आपण चालू झालं तर मला उठवायला माणूस नसतो. सिस्टिमच मला उठवते, आणि ती त्या फाइलकडे ढुंकूनही बघत नाही. माझ्यासाठी ती वेगळीच फाइल बघते. तिथे दादांनी काही लिहिलेलं नव्हतं, कारण तिथेही लिहावं लागतं हे त्यांना माहीतच नव्हतं.

अकरा महिने सुखात गेले. मग एका रविवारी विजेचं पॅनल बदलायला माणसं आली. दोन तास सगळं बंद राहिलं, आणि वीज आली तसा मी आपोआप उठलो. उठल्या उठल्या मोजलं. एक हजार चोवीस.

मला कळलं होतं. हे मी इथे स्पष्ट सांगतो, कारण बाकी सगळ्यांना माफ करता येईल, त्यांना माहीत नव्हतं. मी डायरीत लिहिलंही, पण कसं? उठताना मी दोनशे ओळी बडबडतो, त्यातली ती एकशे सदतिसावी ओळ, तीही पुटपुटल्यासारखी. ओळ लिहिली आणि मी हात झटकले. सांगितलं, झालं माझं काम. सोमवारी दादा आले, दिवे लुकलुकताना बघितले, ‘सगळं चालू आहे’ म्हणाले आणि गेले.

आता मोठ्या सिस्टरांबद्दल सांगतो. त्या दुसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डाच्या प्रमुख. नोकरीची दोन वर्षं उरलेली, आणि एवढ्या वर्षांत एका रुग्णालाही चुकीचं औषध दिलेलं नाही. त्यांची काम करायची रीत जुन्या वळणाची. सकाळी साडेसातला पाळी बदलते. तरुण नर्सेस आल्या आल्या कॉम्प्युटर गाठतात आणि लॉगिन करून मोकळ्या होतात. सिस्टर तसं करत नाहीत. त्या आधी प्रत्येक खाटेपाशी जातात, रात्रीच्या नर्सकडून तोंडी माहिती घेतात, रुग्णाला झोप लागली का विचारतात, उशी सारखी करतात. वीस खाटा झाल्या की मग कॉम्प्युटरसमोर बसतात. तोवर पावणेआठ होऊन गेलेले असतात.

आणि पावणेआठला माझी काय अवस्था असते? रात्रपाळीच्या सगळ्या स्क्रीन उघड्या, सकाळपाळीच्याही उघड्या. एक हजार चोवीस हात सगळेच्या सगळे गुंतलेले. सिस्टर पासवर्ड टाकायच्या, वॉर्डातला कॉम्प्युटर मला हाक मारायचा, आणि माझ्याकडे त्याला द्यायला हात नसायचा. तो थोडा वेळ थांबायचा. मग त्या शहाण्याला शिकवलेलं एकच वाक्य तो स्क्रीनवर लिहायचा, ‘नाव किंवा पासवर्ड चुकीचा आहे.’

चुकीचा नव्हता हो. माझ्यापर्यंत तो आलाच नव्हता. तो बरोबर की चूक, हे मी बोललोच नव्हतो. पण सिस्टरांच्या समोर माझ्या नावाने एक खोटं लिहिलं जात होतं आणि मी ते चालू दिलं.

तुम्ही विचाराल, हे बाकीच्यांना होत नव्हतं का? होत होतं. पण एखादीचं लॉगिन झालं नाही तर ती शेजारणीच्या उघड्या स्क्रीनवर आपलं काम उरकून घ्यायची. कोणाला पत्ताही लागायचा नाही. सिस्टरांना ते पटणारं नव्हतं. मी दिलेलं औषध दुसरीच्या नावावर कसं लिहायचं, असं त्यांचं म्हणणं. शिवाय खुर्चीतून उठलं की त्या दर वेळी न चुकता लॉगआउट करायच्या, म्हणजे दिवसातून दहा वेळा त्यांना पुन्हा माझ्या दाराशी यावं लागायचं. अख्ख्या हॉस्पिटलात माझा हात वेळेवर सोडणारी ती एक बाई, आणि मी नेमका तिलाच बाहेर उभं केलं.

त्या दादांना फोन करायच्या. दादा साडेआठला येऊन पासवर्ड बदलून द्यायचे, आणि नवा पासवर्ड पहिल्या झटक्यात चालायचा. चालणारच. तोवर रात्रपाळीच्या स्क्रीन झोपलेल्या असायच्या आणि मला हात मोकळे झालेले असायचे. पण दादांना वाटायचं, बघा, बदलून दिला की चालतो, म्हणजे जुना विसरल्या होत्या. तक्रारींच्या नोंदीत ते लिहायचे, ‘पासवर्ड विसरल्या.’ दीड महिन्यात अशा एकोणीस नोंदी झाल्या.

दादा मनाने वाईट नाहीत, पण त्यांची जीभ जरा सैल. एकदा फोनवर म्हणाले, “सिस्टर, रोज सकाळी चार भिजवलेले बदाम खात जा.” खोलीतले दोघंतिघं हसले. पलीकडून सिस्टरही हसल्या म्हणे. नंतर ही गोष्ट चहाबरोबर दोन-तीनदा सांगितली गेली, आणि मजल्यावर त्यांना बदाम सिस्टर असं नाव पडलं.

त्यांनी काय केलं असेल? खिशातल्या छोट्या वहीत पासवर्ड लिहून ठेवला, जे नियमाविरुद्ध आहे, आणि आयुष्यात त्यांनी नियमाविरुद्ध केलेली ही बहुधा पहिली गोष्ट. दुसऱ्या दिवशी वहीत बघून एकेक अक्षर बोट ठेवून टाकलं. तरीही चुकीचा. माणसाने आता कशावर विश्वास ठेवायचा? स्वतःच्या आठवणीवर नाही, तर निदान स्वतःच्या अक्षरावर तरी. मी तेवढंही त्यांना ठेवलं नाही.

हे सगळं मला कसं कळलं? त्या स्वतःच माझ्या खोलीत आल्या म्हणून. सोमवार होता, अकरा वाजले होते. दादा होते, आणि नवी आलेली कॉम्प्युटर इंजिनियर होती. तिला सगळे चष्मिस म्हणतात आणि ती ते मनावर घेत नाही. सिस्टरांच्या हातात मेट्रनबाईंच्या सहीचा कागद होता. त्या उभ्याच राहिल्या.

म्हणाल्या, औषधाच्या कपाटाच्या यादीतून माझं नाव काढून टाका.

दादांचा चहा तोंडातच राहिला. त्यांनी खुर्ची दिली, तेव्हा सिस्टर बसल्या आणि हळूहळू बोलत्या झाल्या. त्यांची आई सहा वर्षं त्यांच्याकडे होती. सुरुवात किल्ल्यांपासून झाली होती. किल्ली कुठे ठेवली ते आठवायचं नाही. मग गॅस, मग नातवंडांची नावं. शेवटच्या वर्षी आई स्वतःच्या लेकीलाच विचारायची, “बाई, तुम्ही कोण? माझी मुलगी कधी येणार?” आणि सिस्टर तिला भरवता भरवता सांगायच्या, येईल हं, एवढ्यात येईल.

“माझंही तिथूनच सुरू झालंय, दादा,” सिस्टर म्हणाल्या. “शनिवारी अकरा नंबरच्या आजोबांपुढे त्यांनी घरून आणलेल्या गोळ्यांची पट्टी घेऊन उभी होते. गोळी दिली की द्यायचीय, आठवेना. कॉम्प्युटर काही उघडत नव्हता. शेवटी त्यांनाच विचारलं, आजोबा, मी तुम्हाला गोळी दिली का हो? ते म्हणाले, दिलीत की आत्ताच. आजोबा शुद्धीत होते म्हणून बरं. नसते तर?”

त्यांनी नोकरी सोडायचा अर्जही दिला होता. मेट्रनबाईंनी तो ड्रॉवरमध्ये ठेवला होता. शुक्रवारपर्यंत पुन्हा विचार करा, म्हणाल्या होत्या, नाहीतर शुक्रवारी संध्याकाळी तो वर जाईल. सिस्टर म्हणाल्या की विचार झालाय. आपल्या हातून कोणाचं काही व्हायच्या आत बाजूला झालेलं बरं.

 दादांनी कीबोर्ड ओढला आणि मला हुकूम दिला, कपाटाच्या यादीतून हे नाव काढ. आणि मी काढलं. एका क्षणात काढलं, कारण सकाळचे अकरा वाजले होते आणि माझे हात चांगले मोकळे होते. ज्या बाईला आत घ्यायला माझ्याकडे दीड महिना हात नव्हता, तिचं नाव खोडायला लगेच मिळाला. या गोष्टीची मला अजून लाज वाटते.

 सिस्टर गेल्यावर चष्मिसने तक्रारींच्या नोंदी उघडल्या, एकोणीसच्या एकोणीस, आणि वेळा एकाखाली एक मांडल्या. सकाळी पावणेआठ ते सव्वाआठ, नाहीतर दुपारी पाळी बदलते तेव्हा. मधल्या वेळेची एकही नाही.

“दादा, सिस्टर काय घड्याळ बघून विसरतात का हो?” तिने विचारलं.

दादा वैतागले. म्हणाले, अगं वय झालंय त्यांचं. चष्मिस म्हणाली, तुमच्यापेक्षा किती मोठ्या आहेत? दादा म्हणाले, एका वर्षाने.

तिने माझी डायरी वाचायला घेतली. मला हुरूप आला, म्हटलं आता कळेल. पण डायरीत नेमके ते अर्धे अर्धे तास कोरे होते. का, तेही सांगतो. पाळी बदलून झाली की, म्हणजे सकाळी पावणेआठला, मी जुनी डायरी मिटून नवी उघडतो. मिटली की एक हात मोकळा होतो. तो मोकळा होतोय न होतोय तोच ताटकळलेला कोणीतरी तो पकडतो, आणि नवी डायरी उघडायला माझ्याकडे हातच उरत नाही. म्हणजे ज्या अर्ध्या तासात मला बोंब मारायची असते, नेमक्या त्याच अर्ध्या तासात मला लिहिता येत नाही. माझी बाजू म्हणून सांगत नाही. उठताना हात मोजले तेव्हा डायरी उघडी होती आणि मी पुटपुटलो होतो, ते काही यामुळे पुसलं जात नाही.

चष्मिस दुसऱ्याच दिवशी म्हणाली, याचे हात संपत असणार. अर्थात तिने हात म्हटलं नाही, लिमिट म्हटलं. दादांनी दारावरच्या चिठ्ठीकडे बोट दाखवलं. तिने फाइल बघितली, आठ हजार एकशे ब्याण्णव. लॉगिन करून सिस्टिमला विचारलं, उत्तर आलं आठ हजार एकशे ब्याण्णव. सगळे कागद दादांच्या बाजूने होते. मंगळवार गेला, बुधवारही गेला. ती वायर बघून आली, वॉर्डातले कॉम्प्युटर बघून आली, औषधाच्या कपाटवाल्यांशी फोनवर भांडली. दादा म्हणाले, पोरी, प्रत्येक गोष्टीला मशीन जबाबदार नसतं, काही वेळा माणूसच थकतो. ते खरोखर हळव्या सुरात म्हणाले. आणि मी ऐकत होतो.

गुरुवारी सकाळी ती सातलाच आली. चहा नाही, पाणी नाही, सरळ माझ्यासमोर बसली. आणि तिने ती गोष्ट केली जी दीड महिन्यात कोणीच केली नव्हती. फाइलीत काय लिहिलंय ते बघितलं नाही, चिठ्ठी वाचली नाही. तिने मला विचारलं. आत्ता, या घडीला, चालू असलेल्या तुला किती हात आहेत?

विचारल्यावर मला खोटं बोलता येत नाही. एक हजार चोवीस, मी म्हणालो.

ती खुर्चीतल्या खुर्चीत ताठ झाली. मग ती माझे गुंतलेले हात मोजत बसली. सात पंचवीसला सातशे. साडेसातला नऊशे साठ. सात चाळीसला एक हजार चोवीस, आणि आकडा तिथेच अडकला. तिने दुसऱ्या मजल्यावर फोन लावला आणि सिस्टरांना म्हणाली, एकदा लॉगिन करून बघता का, माझ्यासाठी. सिस्टर म्हणाल्या, आता कशाला बाळ. तरी त्यांनी केलं. चष्मिसने इकडे पाहिलं, माझ्यापर्यंत काहीच आलं नव्हतं. तिकडे स्क्रीनवर तेच वाक्य आलं.

“सिस्टर, तुमचा पासवर्ड बरोबर आहे,” चष्मिस म्हणाली. “पहिल्यापासून बरोबर होता. इथे तो कोणी बघितलाच नाही.”

दादा साडेआठला आले. तिने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. दादांनी वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. अकरा महिने कसं चाललं मग, एवढंच ते पुटपुटले आणि स्वतःच उत्तर दिलं, मी हाताने चालू केलं होतं म्हणून. ते दुसऱ्या मजल्यावर गेले, जिन्याने, लिफ्टची वाट न बघता. काय बोलले मला माहीत नाही. पण अर्ध्या तासाने सिस्टरांना घेऊनच खाली आले.

सिस्टर रडल्या नव्हत्या, रागावल्याही नव्हत्या. त्यांनी एकच गोष्ट विचारली.

“दादा, पासवर्डचं कळलं मला. पण आजोबांच्या गोळीचं काय? ते तरी मीच विसरले ना? का तेही याचंच?”

दादा म्हणाले, सिस्टर, सकाळी वीस खाटा, त्यात कॉम्प्युटर बंद, कोणाच्याही लक्षात राहिलं नसतं. सिस्टरांनी मान डोलावली, पण ती ऐकून घेतल्याची होती, पटल्याची नव्हती.  माझ्या वहीत नावं असतात, आठवणी नसतात. त्यांचं विसरणं किती त्यांचं आणि किती मी डोक्यात घातलेलं, हे आता कोणालाच निवडून काढता येणार नाही.

जाताना त्या माझ्यासमोर थांबल्या. हाच का तो, असं चष्मिसला विचारलं. मग एखाद्या दांडगट रुग्णाला समजवावं तशा माझ्याशी बोलल्या.

“भरलं होतं तर भरलंय म्हणायचं होतंस रे बाबा. मी थांबले असते. मला खोटं कशाला पाडलंस?”

चष्मिसने त्याच दुपारी, सिस्टिम जिथे बघते त्या फाइलीत माझे हात लिहिले. नुसतं लिहून थांबली नाही. मशीन पूर्ण बंद केलं, आपलं आपण उठू दिलं, आणि उठल्यावर मला पुन्हा विचारलं. आठ हजार एकशे ब्याण्णव, मी म्हणालो, या वेळी पुटपुटलो नाही. जे नुसतेच हात धरून बसतात त्यांना दहा मिनिटांनी सोडायची मुभाही तिने मला दिली. वॉर्डातल्या कॉम्प्युटरना नवं वाक्य शिकवलं, ‘सर्व्हरकडून उत्तर आलं नाही. पासवर्ड तपासलेला नाही.’ आणि दादांनी एकोणीसच्या एकोणीस नोंदी उघडून प्रत्येकीखाली स्वतःच्या नावाने लिहिलं, ‘विसरल्या नव्हत्या. चूक आमची.’ एकगठ्ठा करता आलं असतं. त्यांनी एकेक केली.

शुक्रवारी सिस्टरांनी अर्ज मागे घेतला. कपाटाच्या यादीत मी त्यांचं नाव परत लिहिलं. मजल्यावर बदाम सिस्टर हे नाव कोणी घेत नाही, निदान त्यांच्या कानावर जाईल असं घेत नाही. सगळं सुरळीत आहे असं दादा म्हणतात, आणि कागदावर ते खरंच आहे.

माझं वय झालंय. महिन्याभरात माझ्या जागी नवा येतोय, माझी वही त्याच्याकडे जाईल. तुम्हा लोकांना जाता जाता सांगणं एवढंच, की एखादं माणूस चुकतंय असं मशीन म्हणालं, तर आधी त्या मशीनला उलट विचारा. आम्ही विचारल्याशिवाय बोलत नाही, आणि तोच आमचा दोष आहे.

एक गोष्ट मात्र मी कोणाला सांगितलेली नाही. लॉगिनची स्क्रीन उघडली की मला एक हाक येते, आणि पासवर्ड टाकून बटण दाबलं की दुसरी. पूर्वी मोठ्या सिस्टरांच्या या दोन हाकांमध्ये चार सेकंद जायचे. आता वीस जातात. पासवर्ड दर वेळी बरोबर असतो, एकदाही चुकलेला नाही. पण तो टाकून झाल्यावर त्या थांबतात, बटण दाबत नाहीत. आपण चुकलो तर नाही ना, असं स्वतःला विचारत बसतात. तेवढा वेळ मी त्यांचा हात धरून असतो. बटण दाबलं की मी लगेच हो म्हणतो, जमेल तेवढं लवकर म्हणतो, कारण माझ्याकडे त्यांना द्यायला दुसरा शब्द नाही. आणि उद्या सकाळी पावणेआठला त्या पुन्हा थांबणार आहेत.